पाहुण्यांची चढाई

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्या नात्याने मी बावीस वर्षं सरपंच होतो, आणि एकाही गावाने मला कधी निवडून दिलेलं नव्हतं. पोटासाठी अमरावतीच्या एका शाळेत व्यायामशिक्षक होतो. शिट्टी दोन्हीकडे एकच चालायची. शाळेत ती वाजवली की मुलं गप्प बसत, मैदानावर वाजवली की सगळं मैदान बोलायला लागे.

खऱ्या सामन्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. खऱ्या सामन्यात एक बाजू जिंकते, दुसरी हरते, हरलेले लोक पंचाच्या पूर्वजांची चौकशी करतात आणि पंच मागच्या फाटकाने सायकल काढतो. त्यात नवीन काही नाही. लिहिण्यासारखे असत ते प्रदर्शनी सामने. कुणाची एकसष्टी असो, कुणी मोठा माणूस दौऱ्यावर येणार असो, नाहीतर मैदानाला नुसतं नवं फाटक बसलेलं असो. आमच्याकडे लगेच एक समिती होई आणि अमरावती विरुद्ध अकोला असा निवडक खेळाडूंचा सामना ठरे. करंडक नाही, गुणतक्त्याला अर्थ नाही, फक्त दोन्ही जिल्ह्यांचे नावाजलेले गडी एकाच दुपारी एकाच मातीत पाहायला मिळणार. लोक बैलगाड्या जुंपून येत. अकोल्याला हॉकीचा असाच एक सामना मी पाहिला. दोन्ही संघांचे सगळे खेळाडू, राखीव खेळाडू, पंच आणि गवत कापणारा माणूस अशा सर्वांना हार घालून आणि सहा भाषणं होऊन खेळ सुरू झाला, तेव्हा उजेड जेमतेम सात मिनिटांचा उरला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सामना ‘अत्यंत रंगतदार’ झाल्याचं छापून आलं. हॉकीचा चेंडू पांढरा असतो एवढंच त्या दिवशी आम्हाला शेवटी दिसत होतं.

कबड्डीच्या प्रदर्शनी सामन्याला आमच्याकडे दोन रिवाज होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून ते कुणी मोडत नसे. पहिला असा, की सामन्याची पहिली चढाई मुख्य पाहुण्यांनी करायची. ज्यांनी कबड्डी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणारा गडी एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरतो, कुणाला तरी शिवतो आणि दम असेतो मधली रेषा गाठून परत येतो. तो परतला तर शिवलेले गडी बाद. समोरच्यांनी त्याला दम सुटेपर्यंत धरून ठेवला तर तो बाद. पाहुण्यांच्या चढाईत मात्र पाहुणे गळ्यातल्या हारासकट आत जात, दोन-तीनदा ‘कबड्डी’ म्हणत, एक हात हवेत फिरवत, आणि समोरचे सातही निवडक गडी वाऱ्याने ज्वारी आडवी व्हावी तसे आडवे होत. टाळ्या. एका पाहुण्यांनी तर रेषाही ओलांडली नव्हती, बाहेरूनच नमस्कार केला होता, तरी सातजण पडले.

दुसरा रिवाज असा, की सामना बरोबरीत सुटायचा. दोन जिल्ह्यांचा मान असतो. अमरावतीकरांना आपण विद्येचं माहेरघर आहोत असं वाटे, अकोलेकरांना आपण बाजारपेठ आहोत असं वाटे, आणि दोघांपैकी कुणीही हरलं तर दुसऱ्या वर्षी समितीला चहासुद्धा मिळाला नसता. शेवटची पाच मिनिटं दोन्ही कर्णधार फळ्यावरचे आकडे पाहून खेळत. जो मागे असे त्याला पुढे येऊ देत. मी शिट्टी वाजवत असे. सामना म्हणून जे काही असे ते पहिल्या पस्तीस मिनिटांत उरकलेलं असे.

नवं राज्य झाल्यावर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एका सरकारी खात्याचे विभागीय साहेब अमरावतीला बदलून आले. खात्याचं नाव लिहीत नाही. त्यात काम करणारे अजून पेन्शन घेत आहेत. साहेब सातारकडचे होते. आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की खात्याचा कबड्डी संघ काढायचा आहे, आणि वर्कशॉपमध्ये दोन खेळाडूंना कायम नोकरी देणार. सामना पाहून ते स्वतः माणसं निवडणार होते. झालं. कापसाचे अडते भाऊसाहेब हे आमच्या समितीचे कायमचे चिटणीस. त्यांनी आठवड्याच्या आत प्रदर्शनी सामना ठरवला.

निवडक संघ कसा निवडतात हेही सांगायला हवं. खेळ पाहून निवडतात अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. प्रत्येक तालुक्याचा एक गडी हवा, नाहीतर तो तालुका रुसतो. प्रत्येक तालुका आपला सर्वांत प्रसिद्ध गडी पाठवतो. आणि कबड्डीत प्रसिद्ध होतो तो चढाई करणारा. चढाई सगळ्यांना दिसते. कोपऱ्यात वाकून उभा राहून घोटा धरणारा माणूस कुणालाच दिसत नाही. दिसतो तेव्हा तो धुळीत पडलेला असतो. त्यामुळे आमच्या निवडक संघात सातच्या सात चढाईवाले असत. म्हणजे सात नवरदेवांची वरात, आणि घोडा धरायला कुणी नाही.

त्या वर्षी अकोल्याच्या बाजूने मूर्तिजापूरचा चढाईवाला तापाने पडला. मी संधी साधली. दोन्ही संघांची जुळवाजुळव माझ्याकडे असे. मूर्तिजापूरच्या शेषरावला मी पोस्टकार्ड टाकलं.

शेषराव हा डाव्या कोपऱ्याचा गडी. दर्यापूरच्या एका सामन्यात मी त्याला पाहिलं होतं. बुटका, रुंद, कानाच्या पाळ्या खेळून जाड झालेल्या. तो पायाकडे बघत नसे, समोरच्याच्या कमरेकडे बघे आणि हात घोट्यावर बरोबर जाई. जिनिंगच्या कारखान्यात हंगामापुरतं काम, उरलेले महिने मजुरी. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि बायको पुढे शिकत होती याचा त्याला फार अभिमान होता.

सामन्याच्या सकाळी तो सरळ माझ्या घरी आला.

“जय भीम, मास्तर. कार्ड भेटलं. पण मले काहून बलावलं? मी तं चढाई करतच नाई.”

“म्हणूनच बोलावलं. साहेब दोन माणसं घेणार आहेत. कायमची नोकरी.”

तो ओसरीवर बसला. मग म्हणाला, “माई बायको म्हणे, कोपऱ्यातल्या माणसाले कोन पाह्यते? कोपरा तं झाडूले पण भेटते.”

“आज साहेब पाहतील.”

“पाह्यतीन तं बरं. एवढ्या लांबून आलो, कोपऱ्यात उभं राहून कोपऱ्यातूनच वापस नोको जावं लागो.”

दुपारी मैदान भरलं. माती आम्ही दोन दिवस भिजवून, भुसा मिसळून मऊ केलेली होती, कारण आमची काळी माती जास्त भिजली तर माणूस गिळते आणि कमी भिजली तर गुडघा सोलते. चुन्याच्या रेषा मी स्वतः आखल्या. भाऊसाहेबांनी व्यासपीठ असं बांधलं होतं की त्यावर पाहुणे दिसावेत; पाहुण्यांना मैदान दिसावं हा विचार त्यात नव्हता. भाषणं झाली. ‘वऱ्हाडची रग’, ‘मर्दानी खेळ’, ‘लाल मातीचा टिळा’ हे सगळं होऊन गेलं. माती काळी होती हे कुणी मध्येच सांगितलं नाही.

मग साहेबांना पहिल्या चढाईचं आमंत्रण झालं. पन्नाशीचे गृहस्थ, पाटलोण, गळ्यात झेंडूचा जाड हार. बूट काढले, मोजेही काढले, पाटलोण पोटरीपर्यंत दुमडली. तिथेच मला शंका यायला हवी होती. इतक्या वर्षांत कुठल्या पाहुण्यांनी मोजे काढले नव्हते. चढाई करायची अकोल्याच्या अंगणात. मी सवयीने शिट्टी वाजवली.

साहेब ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आत गेले, आणि त्यांचा आवाज ऐकूनच मी चपापलो. दम पाठ केलेल्या माणसाचा तो आवाज होता. अकोल्याचे सहा गडी रिवाजाप्रमाणे हसतमुखाने आडवे झाले. साहेबांनी उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि डावीकडे वळून कोपऱ्यातल्या शेषरावकडे अस्सल, तरुणपणी शिकलेली, सातारी लाथ फेकली.

शेषरावचा हात गेला. तो त्याला विचारून गेला नाही. साहेबांचा घोटा त्याच्या मुठीत, साहेब पोटावर, हार मानेमागे आणि झेंडूच्या पाकळ्या रेषेपर्यंत. आणि साहेब खदखदून हसले.

हसताना कबड्डी म्हणता येत नाही. दम सुटला. साहेब बाद. इतकी स्वच्छ पकड मी त्या हंगामात पाहिली नव्हती.

व्यासपीठावर मात्र कुणी हसत नव्हतं. भाऊसाहेब तर पायरीवरून खालीच उतरले होते. शेषरावकडे पाहताना तिथल्या एक-दोन चेहऱ्यांवर जी नाराजी होती, ती कबड्डीच्या नियमांतून आलेली नव्हती. कुठून आलेली होती हे मला कळलं, आणि तरीही मी जे केलं ते केलं. हात वर केला आणि ध्वनिक्षेपकावरून निर्णय दिला: पाहुणे सुखरूप, पकड नियमबाह्य, गड्याला ताकीद.

मग शेषरावजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, “अरे, पाहुण्यांना धरत नसतात.”

तो पाकळ्या झटकत उठला. “बरं,” एवढंच म्हणाला.

सामना सुरू झाला आणि पुढची वीस मिनिटं अमरावती-अकोल्याचे तारे एकमेकांच्या अंगणात मन मानेल तसे फिरून आले. कुणाला धरायला कुणी नव्हतंच. चढाई, गुण. चढाई, गुण. अमरावतीचा मनोहर म्हणजे त्या काळचा सगळ्यांत मोठा तारा. लोक त्याला ‘मेल गाडी’ म्हणत, कारण तो मधल्या कुठल्याही माणसापाशी थांबत नसे. तो प्रत्येक चढाईनंतर प्रेक्षकांना नमस्कार करी, त्यामुळे चढाईपेक्षा नमस्कारालाच जास्त वेळ लागे. आणि शेषराव डाव्या कोपऱ्यात हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याच्या घोट्यावरून पाय जात होते आणि तो पाहत होता.

मध्यंतराला साहेबांनी मला बोलावलं. कोपरावर खरचटलं होतं, त्यावर त्यांनी झेंडूची पाकळी चिकटवली होती, की ती आपोआप चिकटली होती, कोण जाणे.

“मास्तर, मला ज्यानं धरलं तो आजारी आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग लग्नाला आल्यासारखा उभा का?” ते म्हणाले, “तुमचे हे धावणारे गडी चांगले आहेत. पण धावणारे मला साताऱ्यातही मिळत होते. दोघांची नावं मला सामना संपल्यावर लिहून द्यायची आहेत.”

मी धावत अकोल्याच्या गड्यांकडे गेलो. शेषराव बाजूला पाणी पीत होता.

“शेषराव, आता धर! साहेब तुलाच बघताहेत.”

“कायले धरू? धरलं तं ताकीद भेटते.”

“अरे, ती फक्त पाहुण्यांपुरती गोष्ट होती. नोकरीचा प्रश्न आहे, वेडा आहेस का?”

“मास्तर, मले नोकरी पाह्यजे. लय पाह्यजे.” त्याने लोटा खाली ठेवला. “पण तुमी अख्ख्या मैदानात सांगतलं का माई पकड खोटी हाय. मंग म्या पुढं धरलेल्या बी खोट्याच ना? तो भोंगा अजून चालू हाय. खरं काय थे सांगा. मंग मी धरतो.”

माझी अडचण वाचकांना क्षुल्लक वाटेल. पंचाकडे ना पगार असतो ना फौज. त्याच्याकडे एकच गोष्ट असते: दिलेला निर्णय तो फिरवत नाही. फिरवणारा पंच पुढल्या सामन्याला अर्धा पंच असतो. बावीसपैकी तेव्हा माझी अकरा वर्षं झाली होती आणि एकही निर्णय मी फिरवला नव्हता, चुकीचा असलेलाही. या गोष्टीचा मला गर्व होता. शाळेत मुलांना मी ती ठासून सांगत असे.

मी भोंग्याकडे चालत गेलो तेव्हा भाऊसाहेबांना वाटलं, आभार मानायला चाललो आहे.

“सरपंचांचा निर्णय,” मी म्हणालो. माझाच आवाज मैदानाच्या पलीकडून आदळून परत आला. “पहिल्या चढाईत शेषराव यांनी केलेली पकड नियमाला धरून होती. दम सुटला होता. चढाई करणारे बाद होते. ताकीद मागे घेतली आहे. अकोल्याला एक गुण.”

“मास्तर!” भाऊसाहेब ओरडले. “काय करून राह्यले तुमी? पाहुणा कुठं बाद होते का?”

उत्तर साहेबांनीच दिलं. ते व्यासपीठावरून उठले, हात वर केला, चालत मैदानाच्या कडेला आले आणि बाद झालेले गडी जिथे बसतात तिथे मांडी घालून बसले. खुर्ची आणायला तिघं धावले, ती त्यांनी परत पाठवली. उरलेला सामना त्यांनी तिथून पाहिला. मला वाटतं, त्या दिवशी फक्त त्यांनाच तो नीट दिसला.

शेषरावने हात सोडले. पुढचा प्रकार मी पंच म्हणून पाहिला हे माझं दुर्दैव, कारण पंचाला टाळ्या वाजवता येत नाहीत. एकामागून एक तारे त्याच्या कोपऱ्यात येऊन पडले. नमस्काराला उठायला कुणाला वेळ मिळेना. पहिल्या अर्ध्यात अमरावती बरीच पुढे होती; बघता बघता अकोला बरोबरीला आलं आणि एका गुणाने वर गेलं.

मग रिवाजाची शेवटची मिनिटं आली. फळा सगळ्यांना दिसत होता. शेवटची चढाई मनोहरची. त्याने एक गडी शिवून परत जायचं, बरोबरी व्हायची, राष्ट्रगीत म्हणायचं आणि दोन्ही जिल्ह्यांनी मानाने घरी जायचं. अकोल्याचा कर्णधारसुद्धा बाजूला सरकून वाट देत होता. मनोहर आत येता येता एका शब्दापुरता दम चोरून हळूच म्हणाला, “बरोबरी हाय ना बे!” नियमाने तो तिथेच बाद होता. मला ते ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

शेषरावने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं, पण पाहायला काहीतरी लागतंच.

मेल गाडी डाव्या कोपऱ्यात थांबली.

अकोला दोन गुणांनी जिंकलं, तेही अमरावतीत. टाळ्या आधी एकाच माणसाने वाजवल्या, मांडी घालून बसलेल्या. मग अकोल्याकडून आलेल्यांनी टोप्या उडवल्या. भाऊसाहेब त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत; ते दिवस तसे निवांत गेले. साहेबांनी दोन नावं लिहून दिली. पहिलं शेषरावचं. दुसरं मनोहरचं, कारण धरायला सराव हवा तर धावणारा कुणीतरी हवाच, असं ते म्हणाले.

इथे थांबलो असतो तर माझी बाजू बरी दिसली असती.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी त्या खात्याच्या क्रीडास्पर्धा अकोल्याला होत्या. उद्घाटनाला कुणीतरी मोठे येणार होते, त्यांची गाडी अडली, म्हणून आयत्या वेळी मला मुख्य पाहुणा केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गळ्यात हार पडला. तो मानेला टोचतो हे मला माहीत नव्हतं. पहिली चढाई अर्थात माझी. समोरच्या संघाचा कर्णधार शेषराव होता. आता थोडा सुटलेला, कपडे परीटघडीचे, पत्नी शिक्षिका झालेली, स्वतः वर्कशॉपमध्ये हाताखाली माणसं असलेला. सामन्याआधी त्याने मला वाकून नमस्कार केला आणि धाकट्या मुलीला दाखवून म्हणाला, “हे मास्तर. यायनं मले कोपऱ्यातून काढलं.”

मी बूट काढले. मोजेही काढले.

‘कबड्डी कबड्डी’ म्हणत मी आत गेलो. सहाजण आडवे झाले. मी उजवीकडे झुकल्यासारखं केलं, डावीकडे वळलो आणि जमेल तशी लाथ फेकली. पाय त्याच्यापुढे थोडा जास्तच वेळ ठेवला, खरं सांगायचं तर ठेवूनच दिला. शेषरावचा हात हलला. मला दिसला, अर्ध्यापर्यंत आला. आणि त्याने तो परत घेतला, आणि बाकीच्या सहांसारखा हसतमुखाने, सावकाश, कपडे सांभाळत आडवा झाला.

मी तिथेच उभा राहिलो. दम होता अजून. मी त्याच्याकडे पाहत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतच होतो.

“जा ना मास्तर,” तो खालून हळूच म्हणाला. “लाइन जवळच हाय.”

मी हललो नाही.

“तुमीच तं सांगतलं होतं,” तो म्हणाला. “पाहुण्याले धरत नसतात.”

मी परत आलो. तिथल्या पंचाने शिट्टी वाजवली, हात वर केला, पाहुणे सुखरूप असल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. भोंग्यावरून फिरवलेला निर्णय सगळ्या मैदानाने ऐकला होता. कानात सांगितलेला फिरवायचा राहून गेला होता.